‘एमसी डेल्टा टी’ मध्ये वजन नक्की कुणाचं टाकायचं? मोल आणि उष्णतेची गणितं

चहाचं आधण ठेवलंय. पातेल्यात एक लिटर पाणी, २५ अंशावर. ते १०० अंशापर्यंत न्यायचंय आणि शेगडीत ब्युटेन जळतोय. ब्युटेनचा एक मोल (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या, खुलासा पुढे येतोच) जळला की २८७८ किलोज्यूल उष्णता मिळते, तर किती ग्रॅम ब्युटेन लागेल?

हे गणित मी अकरावीच्या मुलांना दरवर्षी अगदी सुरुवातीला देते आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये एकच ओळ सापडते:

५८ × ४.१८ × ७५ = १८१८३ ज्यूल

अक्षर सुंदर, गुणाकार बरोबर, खाली दोन रेघा मारलेल्या, आणि गणित पहिल्याच पायरीला गेलेलं. ५८ हे ब्युटेनचं रेणुवस्तुमान, म्हणजे त्याच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन. ‘एमसी डेल्टा टी’ या सूत्रात (वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातला फरक = उष्णता) वस्तुमान हवं होतं, डोळ्यासमोर ५८ होते, टाकून दिले. मग मी वही बाजूला ठेवून विचारते, शेगडीवर काय ठेवलंय रे? पातेलं. पातेल्यात काय? पाणी. मग तापतंय कोण? इथे एक दोन सेकंद शांतता, आणि मुलगा स्वतःच खोडरबर उचलतो.

या सगळ्या प्रकरणात मला जे सांगायचंय ते एवढंच, की उष्णतेच्या जवळजवळ प्रत्येक गणितात दोन पार्ट्या असतात, एक उष्णता देणारी आणि एक घेणारी, आणि दोघींची वजनं वेगळी. ज्याचं रासायनिक रूप बदलतंय (जळतंय, ॲसिड-बेस होतंय) किंवा जे विरघळतंय त्याचे मोल मोजायचे. जे नुसतं तापतंय किंवा गार होतंय त्याचे ग्रॅम घ्यायचे. दोघांना जोडणारा पूल म्हणजे ज्यूल, तिथे दोन्ही बाजू समान होतात. वहीच्या पानाला मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे लिहा ‘उष्णता कुठून येतेय’, उजवीकडे ‘कुठे जातेय’, आणि दिलेला प्रत्येक आकडा आधी कुठल्या बाजूचा आहे ते ठरवून मगच लिहा. मी हे शाळकरी वाटेल म्हणून वर्षभर सोडून दिलं होतं, मुलांच्या चुका परत वाढल्या, तेव्हापासून कधी सोडलं नाही.

आता तेच गणित नीट करू. उजवी बाजू आधी, कारण तिथली सगळी माहिती हातात आहे. एक लिटर पाणी म्हणजे १००० ग्रॅम, पाण्याची विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, तापमानातला फरक १०० − २५ = ७५ अंश.

१००० × ४.१८ × ७५ = ३१३५०० ज्यूल = ३१३.५ किलोज्यूल

शेवटी ज्यूलचे किलोज्यूल करायला विसरू नका. डावीकडचा २८७८ हा आकडा किलोज्यूलमध्ये आहे, उजवीकडे ज्यूल ठेवून भागाकार केला तर १०९ मोल येतात, म्हणजे सव्वासहा किलो गॅस, एका आधणाला! घरचा सिलिंडर १४.२ किलोचा असतो, त्यात दोनदाच पाणी उकळलं असतं आणि संपला असता. उत्तर आलं की ते असं घरातल्या एखाद्या वस्तूशी लावून बघा, अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

डावी बाजू:

३१३.५ ÷ २८७८ = ०.१०९ मोल ब्युटेन
०.१०९ × ५८ = ६.३ ग्रॅम

म्हणजे ५८ चं काम इथे आहे, अगदी शेवटी, मोलचे ग्रॅम करायला. (घरच्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, गणितापुरतं सगळं ब्युटेन धरलं.)

प्रश्नात पुढे कधी कधी असं येतं की शेगडीची फक्त ६० टक्केच उष्णता पाण्याला मिळते. इथे मुलं ६.३ ला ०.६ ने गुणतात आणि ३.८ ग्रॅम लिहितात. अरे, उष्णता वाया जातेय तर गॅस कमी कसा लागेल? जास्तच लागणार ना. म्हणून भागायचं, ६.३ ÷ ०.६ = १०.५ ग्रॅम. गुणायचं की भागायचं हे पाठ करू नका, उत्तर वाढायला हवं की कमी व्हायला हवं ते आधी तोंडाने बोला.

आता मोलबद्दल थोडं, कारण खरी भीती तिथेच असते. हार्डवेअरच्या दुकानात खिळे कुणी नगावर मोजून देत नाही, किलोवर देतात. पण सुताराला तर नगच हवे असतात. एका खिळ्याचं वजन माहीत असलं की एका किलोत किती खिळे ते कागदावर निघतं, एकेक मोजत बसावं लागत नाही. मोल म्हणजे हेच, वजन करून नग मोजायची रीत. रासायनिक अभिक्रियेला ग्रॅम कळत नाहीत, तिला नगाला नग लागतात, एका रेणूला अमुक इतके रेणू. आपल्याकडे तराजू आहे, त्याला नग कळत नाहीत. या दोघांमधला दुभाषा म्हणजे रेणुवस्तुमान. पाण्याचं १८, म्हणजे १८ ग्रॅम पाण्यात एक मोल रेणू, चहाचे साडेतीन-चार चमचे झाले. एवढ्याशा पाण्यात ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके रेणू. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये आपलं गृहीतक मांडलं पण हा आकडा त्याच्या हयातीत कुणालाच नीट माहीत नव्हता, त्याचं नाव या अंकाला पेरॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये सुचवलं. आणि २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच बदललीये, आधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ वर टेकलेली होती, आता सरळ ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल, विषय संपला. जुन्या गाईडमध्ये जुनीच व्याख्या असते, तेवढं बघून घ्या.

ग्रॅमवरून मोल काढताना भागायचं, मोलवरून ग्रॅम काढताना गुणायचं, हे कुणीही सांगेल. मी म्हणते आकड्यामागे एकक तर लिहाच, पण पदार्थाचं नावसुद्धा लिहा. ‘०.१०९ मोल’ एवढं नाही, ‘०.१०९ मोल ब्युटेन’. कारण पुढच्या ओळीत कार्बन डायऑक्साइडचे मोल येणार आहेत आणि नावं नसली की दोन्ही मोल एकमेकांत मिसळतात.

करूनच बघा. ब्युटेन जळतानाचं समीकरण असं आहे:

२ मोल ब्युटेन + १३ मोल ऑक्सिजन → ८ मोल कार्बन डायऑक्साइड + १० मोल पाणी

म्हणजे एका मोल ब्युटेनला साडेसहा मोल ऑक्सिजन लागतो आणि ४ मोल कार्बन डायऑक्साइड, ५ मोल पाणी तयार होतं. आपल्या ०.१०९ मोलचा हिशोब:

ऑक्सिजन ०.७०८५ मोल × ३२ = २२.७ ग्रॅम
कार्बन डायऑक्साइड ०.४३६ मोल × ४४ = १९.२ ग्रॅम
पाणी ०.५४५ मोल × १८ = ९.८ ग्रॅम

इथे दरवर्षी कुणीतरी हात वर करतं, मॅडम ६ ग्रॅम गॅस जाळून १९ ग्रॅम वायू कसा आला? मला हा प्रश्न फार आवडतो. उत्तर वरच्याच ओळीत आहे, ऑक्सिजन हवेतून आला. बेरीज करून बघा: आत गेले ६.३ + २२.७ = २९.० ग्रॅम, बाहेर आले १९.२ + ९.८ = २९.० ग्रॅम. ही बेरीज म्हणजे फुकटातली तपासणी. पेपरात दोन मिनिटं उरली तर दुसरं काही नको, ही बेरीज करा, जुळली नाही तर समीकरण नीट संतुलित झालेलं नाही किंवा एखादं रेणुवस्तुमान चुकलंय.

याच समीकरणात अजून एक खड्डा आहे. पुस्तकात कधी कधी या अख्ख्या समीकरणाशेजारी डेल्टा एच (अभिक्रियेत होणारा उष्णतेचा बदल) = −५७५६ किलोज्यूल असं छापलेलं असतं. हा २८७८ पेक्षा वेगळा म्हणून चुकीचा नाही, ती २ मोल ब्युटेनची उष्णता आहे. डेल्टा एच नेहमी समीकरण जसं लिहिलंय तसं, पुढचे आकडे धरून. म्हणून डेल्टा एच दिसला रे दिसला की पहिला प्रश्न: हे किती मोलचं, आणि कशाच्या मोलचं? ऑक्सिजनच्या मोलवर काढायचं म्हटलं तर तोच ५७५६ तुम्हाला १३ ने भागावा लागेल.

चिन्हाचं बघू. वजा म्हणजे उष्णता अभिक्रियेतून बाहेर पडली (उष्मादायी), अधिक म्हणजे आत गेली (उष्माग्राही). थर्मामीटर मात्र पाण्यात असतो, अभिक्रियेत नाही, म्हणून दोघांची चिन्हं उलट. शेतावरची मुलं हे पटकन पकडतात, कारण फवारणीसाठी युरिया पाण्यात विरघळवला की बादली बाहेरून गार लागते हे त्यांनी हाताने अनुभवलेलं असतं. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, ती पाण्याकडूनच घेतो, म्हणून पाणी गार. आता याचं गणित: थर्मोकोलच्या कपात १०० ग्रॅम पाणी, त्यात ६ ग्रॅम युरिया, तापमान ३.४ अंशांनी उतरलं. युरियाचं रेणुवस्तुमान ६०, म्हणजे ०.१ मोल. गार झालं काय? नुसतं पाणी नाही, आख्खं द्रावण, १०६ ग्रॅम.

१०६ × ४.१८ × ३.४ = १५०६ ज्यूल = सुमारे १.५ किलोज्यूल
१.५ ÷ ०.१ = सुमारे १५ किलोज्यूल प्रति मोल

पाण्याने गमावली म्हणून युरियाने कमावली, डेल्टा एच अधिक १५. इथे ६० घ्यायचे, ६ घ्यायचे, १०० घ्यायचे की १०६, हा गोंधळ पानावरच्या उभ्या रेघेने आपोआप सुटतो. ६ आणि ६० डाव्या बाजूचे, १०६ उजव्या बाजूचे. बरीच पुस्तकं सोपं करायला १०० च धरतात, प्रश्नात तसं सांगितलं असेल तर तसंच करा.

आता माझं सगळ्यात आवडतं, कारण यात मोल, मर्यादित अभिक्रियाकारक (जो आधी संपतो तो) आणि उष्णता तिन्ही एकत्र येतात. ५० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ५० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, एका मोलमागे ५७.३ किलोज्यूल निघतात. १ मोलर म्हणजे लिटरमध्ये एक मोल, तर ५० मिलीत ०.०५ मोल, दोन्हीकडे सारखंच.

०.०५ × ५७.३ = २.८६५ किलोज्यूल = २८६५ ज्यूल
१०० ग्रॅम द्रावण: २८६५ ÷ (१०० × ४.१८) = ६.८५ अंश वाढ

मग मी विचारते, दोन्ही १०० - १०० मिली घेतले तर? सगळा वर्ग एकसुरात, डबल! नाही हो. उष्णता डबल झाली, ५७३० ज्यूल, पण ती घेणारं द्रावणही डबल झालं, २०० ग्रॅम. तापमान परत ६.८५ नेच वाढणार. आणि ॲसिड ५० मिली ठेवून सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली केलं तर? ॲसिड ०.०५ मोलवरच संपलं, उष्णता तेवढीच २८६५, द्रावण मात्र १५० ग्रॅम, वाढ फक्त ४.५७ अंश. जास्तीचं सोडियम हायड्रॉक्साइड काही देत नाही, उलट तापायला मात्र वाटेकरी होतं. ही तीन गणितं एकाखाली एक मांडा, धडा डोक्यात बसतो.

आम्ही हे खरंच करून बघितलं होतं, दोन थर्मोकोलचे कप एकात एक घालून, वर पुठ्ठ्याचं झाकण, झाकणाला भोक पाडून थर्मामीटर. वाढ आली ६.५ अंश. उलटं गणित केलं, १०० × ४.१८ × ६.५ = २७१७ ज्यूल, भागिले ०.०५, म्हणजे ५४.३ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकातल्या ५७.३ पेक्षा कमी. मुलांचे चेहरे पडले, प्रयोग चुकला म्हणून. चुकला नव्हता, थोडी उष्णता कपाने, थर्मामीटरने आणि हवेने घेतली, आणि आपण हिशोबात फक्त द्रावण धरलं. म्हणून असं उत्तर जवळजवळ नेहमी कमीच येतं. जास्त आलं असतं तर मात्र मापं परत तपासायला लावली असती.

बर्फाची गणितं दहावीत झालेली असतात पण तिथे कॅलरी होत्या, बर्फ वितळायला ८० कॅलरी प्रति ग्रॅम, उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी प्रति ग्रॅम, आणि पाण्याची विशिष्ट उष्मा नुसती १. अकरावीत ज्यूल आले की मुलं दोन्ही मिसळतात, ८० घेतात आणि ४.१८ पण घेतात. एक कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल, तर ८० चे झाले साधारण ३३४ ज्यूल, आणि ५४० चे साधारण २२६०. एका गणितात एकच चलन. मोलमध्ये हवं असेल तर ३३४ × १८ = ६०१२ ज्यूल, म्हणजे ६.०१ किलोज्यूल प्रति मोल, पुस्तकात दिसणारा आकडा तोच.

सरबताचं गणित घ्या. २०० ग्रॅम पाणी ३० अंशावर, त्यात शून्य अंशावरचा २० ग्रॅम बर्फ. बर्फाला आधी वितळायचंय आणि मग त्याच्या पाण्याला वर चढायचंय, अशा दोन पायऱ्या. शेवटचं तापमान ‘ट’ धरू.

(२० × ३३४) + (२० × ४.१८ × ट) = २०० × ४.१८ × (३० − ट)
६६८० + ८३.६ ट = २५०८० − ८३६ ट
ट = १८४०० ÷ ९१९.६ = २० अंश

पण बर्फ २० च्या जागी २०० ग्रॅम असेल तर हीच रीत उणे २५ अंश असं उत्तर देते, जे शक्यच नाही, कारण शून्यावरचा बर्फ आणि ३० अंशाचं पाणी यांचं मिश्रण शून्याखाली कसं जाईल? याचा अर्थ सगळा बर्फ वितळलाच नाही. पाण्याकडे शून्यापर्यंत उतरताना द्यायला २५०८० ज्यूल आहेत आणि बर्फाला हवेत ६६८००. मग ट शून्य, आणि वितळला किती ते काढा, २५०८० ÷ ३३४ = ७५ ग्रॅम. आधी हे ‘पुरतंय का’ बघायची सवय लावा.

आणि हो, तापमानातल्या फरकात २७३ मिळवू नका! २५ ते १०० हा फरक ७५ अंश सेल्सिअस आहे आणि केल्विनमध्येही ७५ च आहे. वायूच्या धड्यात २७३ मिळवायची सवय लागते आणि मुलं इथे ३४८ लिहून मोकळी होतात.

आता स्वतः करून बघायला तीन.

एक, चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम साखर पूर्ण जळाली तर किती उष्णता? रेणुवस्तुमान ३४२, एका मोलचे ५६४० किलोज्यूल. दोन, कळीचा चुना भिजवताना एका मोलमागे साधारण ६५ किलोज्यूल निघतात, रेणुवस्तुमान ५६. तर ५६० ग्रॅम कळीच्या चुन्याची उष्णता सगळी पाण्याला मिळाली असं धरलं तर २ लिटर पाणी २५ पासून उकळीपर्यंत जाईल का? (हे कागदावरच करा, चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.) तीन, ४० अंशाच्या २०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकला, तर शेवटचं तापमान किती?

पहिल्याचं उत्तर ८२.५ किलोज्यूल, म्हणजे सुमारे २० किलोकॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरी म्हणून जे छापतात ते हेच एकक. दुसऱ्यात १० मोल, ६५० किलोज्यूल, पाण्याला लागतात ६२७, म्हणजे जाईल, घर रंगवताना पिंपात चुना भिजवला की पाणी रटरटतं ते उगाच नाही. तिसऱ्यात १६ अंश यायला हवेत. ३२ आले असतील तर बर्फ वितळवायची उष्णता धरायची राहिली.